आर्चटॉप गिटारची हस्तनिर्मिती

आर्चटॉप गिटार हा पोलादी तारांच्या गिटारचा एक प्रकार आहे. या गिटारची तबली (वरची फळी) आणि पाठ व्हायोलिनप्रमाणे घुमटाकार असतात. साध्या गिटारची तबली पातळ व सपाट फळीची असते. आर्चटॉप गिटारची तबली मात्र जाड लाकूड बाहेरून व आतून कोरून तयार करतात. तबलीवर बहुधा इंग्रजी 'एफ' अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असतात. तारा सरकत्या घोडीवरून जाऊन ध्वनिपेटीच्या खालच्या टोकाला बसवलेल्या तारदानात अडकवलेल्या असतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वाद्याचा उगम झाला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॅझ वाद्यवृंदांमध्ये ते स्थिरावले.

कारखान्यात दाबयंत्राने वाकवलेल्या प्लायवूडपासूनही आर्चटॉप गिटारी बनतात. या लेखात एकाच कारागिराने किंवा लहान कार्यशाळेने, वादकाच्या गरजेनुसार, अखंड लाकूड कोरून घडवलेल्या गिटारचा विचार केला आहे. अशा गिटारच्या निर्मितीस साधारणतः काही महिने लागतात. त्यातील बराच काळ लाकूड स्थिरावण्यात आणि रोगण वाळण्यात जातो.

इतिहास

उगम

आर्चटॉप गिटारच्या रचनेचे श्रेय ऑरव्हिल गिब्सन (१८५६–१९१८) या अमेरिकी कारागिराला दिले जाते. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे त्याने व्हायोलिनच्या धर्तीवर कोरीव तबली व पाठ असलेली मेंडोलिन आणि गिटार बनवण्यास सुरुवात केली. मेंडोलिनच्या अशा रचनेसाठी त्याला १८९८ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. लाकूड वाकवल्याने त्यात ताण राहतो आणि नाद दबतो, अशी त्याची धारणा होती. म्हणून ध्वनिपेटीच्या कडाही तो अखंड लाकडातून कापून काढत असे. १९०२ मध्ये कॅलमझूतील काही व्यावसायिकांनी त्याच्या नावाने कंपनी स्थापन केली. पुढे या कंपनीने कडांसाठी वाकवलेल्या पट्ट्यांची पद्धत स्वीकारली, परंतु कोरीव तबली कायम ठेवली.

या कंपनीत १९१९ ते १९२४ या काळात काम करणाऱ्या लॉइड लोअर या वादक व ध्वनितज्ज्ञाच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये 'एल-५' ही गिटार तयार झाली. गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रे, तबलीखाली दोन समांतर आधारपट्ट्या, उंची बदलता येणारी घोडी आणि दांडीत बसवलेली पोलादी सळई ही तिची वैशिष्ट्ये होती. सळईची युक्ती त्याच कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांची असून तिचे एकस्व १९२३ मध्ये मंजूर झाले. एल-५ ची रचना पुढील बहुतेक सर्व आर्चटॉप गिटारींचा पाया ठरली.

वाद्यवृंदांचा काळ

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नृत्यवाद्यवृंदांत बँजोची जागा गिटार घेऊ लागली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ढोल यांच्या गजरात ध्वनिवर्धकाविना ऐकू जाईल असे वाद्य हवे होते. या गरजेतून गिटारींचा आकार वाढत गेला. एल-५ ची मूळ रुंदी १६ इंच होती. १९३० च्या दशकाच्या मध्यावर ती १७ इंच झाली. १९३४ मध्ये आलेल्या 'सुपर ४००' ची रुंदी १८ इंच होती आणि तिचे नाव तिच्या ४०० डॉलर या किमतीवरून पडले. न्यूयॉर्कमधील एपिफोन कंपनीनेही १९३१ पासून स्पर्धेत उतरून मोठ्या आर्चटॉप गिटारींची मालिका बाजारात आणली. बॉस्टनचे चार्ल्स स्ट्रॉमबर्ग व त्यांचे पुत्र एल्मर यांनी तर १९ इंच रुंदीच्या गिटारी घडवल्या. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून सुमारे पन्नास वर्षे लयीची साथ करणारे फ्रेडी ग्रीन यांचे वादन या वाद्याच्या मूळ भूमिकेचा नमुना मानले जाते.

१९३६ मध्ये गिब्सन कंपनीने 'ईएस-१५०' ही विद्युत आर्चटॉप गिटार आणली. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या संचात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी तिच्यावर एकल वादनाची नवी शैली रुजवली. ध्वनिवर्धक आल्यानंतर मोठ्या आवाजासाठी तबली कोरण्याची निकड कमी झाली. १९४९ मधील 'ईएस-१७५' ची ध्वनिपेटी थर चिकटवलेल्या लाकडाची होती. ती स्वस्त पडे आणि ध्वनिवर्धकासमोर तिचा प्रतिध्वनी-गोंगाटही कमी होत असे. तेव्हापासून कोरीव आर्चटॉप गिटार हे प्रामुख्याने स्वतंत्र कारागिरांचे क्षेत्र बनत गेले.

न्यूयॉर्कची गुरुशिष्य परंपरा

स्वतंत्र कारागिरांमध्ये जॉन डँजेलिको (१९०५–१९६४) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. इटलीतून आलेल्या कुटुंबात न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या डँजेलिको यांनी बालपणीच आपल्या आजोबांच्या पिढीतील नातलग राफाएल चियानी यांच्याकडे मेंडोलिन व व्हायोलिन बनवण्याचे शिक्षण घेतले. १९३२ मध्ये त्यांनी केनमेअर स्ट्रीटवर स्वतःची कार्यशाळा उघडली. त्यांच्या 'एक्सेल' (१७ इंच) आणि 'न्यूयॉर्कर' (१८ इंच) या गिटारी विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या नोंदवहीनुसार त्यांनी एकूण १,१६४ गिटारी बनवल्या. गिऱ्हाईक काय वाजवतो, त्याचा हात केवढा आहे, दांडी जाड हवी की बारीक, हे पाहून ते प्रत्येक गिटारमध्ये फेरबदल करीत.

१९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याकडे जेम्स डॅक्विस्टो (१९३५–१९९५) हा तरुण शिकाऊ म्हणून आला. १९६४ मध्ये गुरूच्या निधनानंतर त्याने कार्यशाळेची सूत्रे हाती घेतली आणि स्वतःच्या नावाने गिटारी बनवण्यास आरंभ केला. सुरुवातीस त्याच्या गिटारी गुरूच्या नमुन्यांबरहुकूम असत. पुढे त्याने धातूच्या तारदानाऐवजी लाकडी तारदान वापरले, शिंपल्यांची व सेल्युलॉइडची सजावट कमी केली, छिद्रांचे आकार बदलले आणि नादाचा विचार अग्रस्थानी ठेवला. आजच्या अनेक कारागिरांच्या साध्या, अलंकारविरहित गिटारींवर या विचाराचा प्रभाव दिसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाने २०११ मध्ये डँजेलिको, डॅक्विस्टो आणि जॉन मॉन्टेलिओनी या तिघांच्या वाद्यांचे प्रदर्शन भरवले होते.

गुरुगृही शिकण्याची संधी नसलेल्यांसाठी रॉबर्ट बेनेडेटो यांचे आर्चटॉप गिटार बनवण्याविषयीचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजमापे, आराखडे आणि क्रमवार कृती एकत्र उपलब्ध झाल्याने अनेक देशांतील हौशी व व्यावसायिक कारागीर या क्षेत्राकडे वळले.

रचना आणि ध्वनिशास्त्र

सपाट तबलीच्या गिटारमध्ये तारा घोडीतच अडकवलेल्या असतात आणि त्यांचा ताण घोडीला पुढे ओढतो. आर्चटॉप गिटारमध्ये तारा घोडीवर केवळ टेकतात आणि तारदानाकडे जाताना खाली वाकतात. त्यामुळे तबलीवर खालच्या दिशेने दाब पडतो. सहा तारांचा एकूण ताण ७५ किलोग्रॅम आणि घोडीवरील वाक १५ अंश धरल्यास हा दाब सुमारे २० किलोग्रॅम येतो. घुमटाचा आकार हा भार कमानीप्रमाणे कडांकडे वाहून नेतो.

या दाबामुळे आणि तबलीच्या ताठरपणामुळे तार छेडताच नाद झटकन उमटतो व तुलनेने लवकर विरतो. सपाट तबलीच्या गिटारचा नाद अधिक काळ रेंगाळतो. लयीची साथ करताना एकेक सूर सुटा व स्पष्ट ऐकू येणे आवश्यक असल्याने आर्चटॉप गिटारचा हा गुण जॅझ संगीतात उपयुक्त ठरला.

तबलीच्या जाडीचा प्रश्न या वाद्याच्या निर्मितीत मध्यवर्ती आहे. फळीची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जाडी १० टक्क्यांनी कमी केल्यास ताठरता सुमारे २७ टक्क्यांनी घटते. त्यामुळे ४ मिलिमीटर जाडीच्या जागी ३.६ मिलिमीटर केले, तर डोळ्यांना न जाणवणारा हा फरक नादाला आणि वाद्याच्या आयुष्याला जाणवतो. तबली जाड राहिली तर गिटार मुकी वाटते. ती फार पातळ झाली तर आरंभी आवाज मोकळा येतो, पण काही वर्षांत तबली घोडीखाली खचते किंवा छिद्रांजवळ तडकते. कोरून काढलेले लाकूड परत जोडता येत नाही. म्हणून कुठे थांबावे याचा निर्णय हीच या कारागिरीची खरी कसोटी समजली जाते.

लाकूड

तबलीसाठी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड वापरतात. ते वजनाला हलके पण तंतूंच्या दिशेने अतिशय ताठ असते आणि त्यातून ध्वनी वेगाने पसरतो. युरोपीय स्प्रूस, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील तांबडा स्प्रूस, तसेच पश्चिमेकडील सिट्का आणि एंगलमन या जाती प्रचलित आहेत. पाठ, कडा आणि दांडी यांसाठी मॅपल वापरतात. मॅपलच्या काही खोडांत तंतू लाटांसारखे वळलेले असतात. रोगण लावल्यावर त्यावर वाघाच्या अंगावरील पट्ट्यांसारखी चमक दिसते. या लाटांमुळे लाकूड सुंदर दिसते, पण वाकवताना व रंध्याने तासताना ते तुटण्याचा धोका वाढतो.

लाकडाचे ओंडके त्रिज्येच्या दिशेने चिरलेले असावे लागतात, म्हणजे वाढीची वलये फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभी राहतात. अशी फळी हवेतील आर्द्रतेनुसार कमी फुगते व कमी पिळवटते. फळ्या काही वर्षे सावलीत, हवा खेळेल अशा रचून वाळवतात. कारागीर फळी हातात धरून बोटाच्या पेराने ठोकतात. स्पष्ट, लांबणारा नाद देणारी फळी निवडली जाते. वजन, तंतूंची सरळ ठेवण आणि गाठींचा अभाव याही कसोट्या आहेत.

पडद्यांची पट्टी, घोडी आणि पुष्कळदा तारदान यांसाठी अबनूस किंवा शिसम ही कठीण लाकडे घेतात. पश्चिम घाटात वाढणारे भारतीय शिसम या कामासाठी जगभर निर्यात होत आले आहे. शिसमाच्या वंशातील जवळपास सर्व जाती २०१७ च्या आरंभी धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाल्या आणि तयार वाद्यांनाही परवान्याची गरज पडू लागली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना यातून सूट देण्यात आली. कच्च्या लाकडावरील नियंत्रण कायम राहिले.

निर्मितीची प्रक्रिया

आराखडा आणि साचा

काम वादकाशी झालेल्या चर्चेतून सुरू होते. ध्वनिपेटीची रुंदी व खोली, तारांची लांबी, दांडीची जाडी, आधारपट्ट्यांची मांडणी आणि विद्युत ध्वनिग्राहक हवा की नको, हे आधी ठरवावे लागते. रुंदी १६ ते १८ इंच (सुमारे ४०६ ते ४५७ मिलिमीटर) आणि कडांची खोली सुमारे ३ इंच (७६ मिलिमीटर) असते. आराखडा पूर्ण आकारात काढून त्यावरून प्लायवूडचा साचा कापतात.

फळ्या जोडणे

एकच पाचरीच्या आकाराची फळी मधोमध चिरून पुस्तकाच्या पानांसारखी उघडतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तंतुरेषा एकमेकींचे प्रतिबिंब भासतात. पाचरींच्या जाड कडा मध्यभागी जोडल्याने घुमटासाठी लागणारी सुमारे २५ मिलिमीटर जाडी मिळते. जोड लांब रंध्याने सरळ करतात. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून मागे दिवा धरला असता फटीतून प्रकाश दिसू नये, ही जुनी परीक्षा आजही वापरली जाते. जोडासाठी जनावरांच्या कातड्यापासून बनवलेला गरम सरस किंवा आधुनिक लाकूडगोंद वापरतात. सरस वाळल्यावर ताठ व कठीण होतो, आणि उष्णता व ओलावा देऊन जोड पुन्हा उघडता येतो. दुरुस्तीच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे.

घुमट कोरणे

प्रथम बाहेरील बाजू कोरतात. गोल पटाशीने मोठा भाग काढल्यावर बोटभर लांबीचे, तळाला बाक असलेले पितळी रंधे वापरतात. शेवटी स्क्रेपर नावाच्या पातळ पोलादी पातीने पृष्ठभाग गुळगुळीत करतात. घुमट कडेला पोहोचण्यापूर्वी थोडा खाली जाऊन पुन्हा किंचित वर येतो. या उथळ चरामुळे कडेजवळ तबली लवचीक होते आणि मधला भाग ध्वनिक्षेपकाच्या पडद्यासारखा हलू शकतो.

बाहेरील आकार पूर्ण झाल्यावर फळी उलटी करून आतील बाजू पोकळ करतात. ठरावीक खोलीची भोके पाडून त्यांच्या तळापर्यंत लाकूड काढणे ही सुरुवातीची पद्धत आहे. त्यानंतर जाडीमापक कॅलिपरने ठिकठिकाणी मोजत पुढे जातात. तबलीची जाडी मध्यभागी सुमारे ६ मिलिमीटर आणि कडेजवळ सुमारे ३ मिलिमीटर ठेवण्याची प्रथा आहे. पाठीची मापेही साधारण अशीच असतात. मूळ लाकडाचा बहुतांश भाग या टप्प्यात भुसा व छिलपे होऊन जातो.

मापे सर्व लाकडांना सारखी लागू पडत नाहीत. घट्ट तंतूंची तबली थोडी अधिक पातळ करता येते, मऊ तबलीला जाडी राखावी लागते. म्हणून अखेरच्या टप्प्यात कारागीर फळी दोन बोटांत धरून ठोकतात आणि तिच्या नादाचा स्वर व लांबी ऐकतात. काहीजण फळी हातांनी हलकेच पिळून तिची लवचीकता अजमावतात. तबली व पाठ विशिष्ट स्वरांत जुळवावी असे लोअर यांच्या परंपरेतील कारागीर मानतात. सुट्या फळीचा स्वर जुळलेल्या पेटीत बदलतो, त्यामुळे स्वरापेक्षा ताठरतेला महत्त्व द्यावे असे इतरांचे म्हणणे आहे.

एफ-छिद्रे आणि आधारपट्ट्या

एफ-छिद्रे बारीक करवतीने कापून चाकूने व कानशीने नेटकी करतात. पेटीतील हवा छिद्रांतून आतबाहेर हलते आणि मंद्र सुरांना आधार मिळतो. छिद्रांमुळे घोडीच्या दोन्ही बाजूंचा तबलीचा भागही मोकळा होतो.

तबलीखाली स्प्रूसच्या दोन आधारपट्ट्या चिकटवतात. त्यांच्या दोन मुख्य मांडण्या आहेत:

समांतर मांडणी – दोन्ही पट्ट्या जवळपास तारांच्या दिशेने, घोडीच्या पायांखालून जातात. नाद ठसठशीत व प्रखर येतो. लयीच्या साथीसाठी ती पसंत केली जाते.

फुलीची मांडणी – पट्ट्या घोडीच्या पुढे एकमेकींना छेदतात. नाद अधिक गोल व मृदू येतो; एकल वादनासाठी ती निवडली जाते.

स्ट्रॉमबर्ग यांच्या उत्तरकालीन गिटारींत एकच तिरपी पट्टी असे. कोणत्याही मांडणीत पट्टीचा तळ घुमटाच्या आतील वक्राशी तंतोतंत जुळावा लागतो. त्यासाठी तबलीवर खडू घासून त्यावर पट्टी दाबतात. खडूचा डाग जिथे उमटतो तो उंचवटा तासला जातो. संपूर्ण तळावर सारखा डाग उमटेपर्यंत ही कृती करतात. सरसाने फट भरून वेळ मारून नेल्यास तबली कायमची ताणाखाली राहते.

कडा आणि पेटी

कडांसाठी मॅपलच्या सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ओलसर करून तापलेल्या धातूच्या नळीवर हाताने वाकवतात. कंबरेचा आणि खांद्याजवळील खाचेचा वक्र सर्वांत अवघड असतो. वाकवलेल्या पट्ट्या साच्यात बसवून दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे लावतात. तबली व पाठ चिकटवण्यास पुरेशी जागा मिळावी म्हणून कडांच्या आतून खाचा पाडलेली अस्तरपट्टी लावली जाते. त्यानंतर पाठ आणि तबली चिकटवून पेटी बंद करतात. बाहेरील कडेवर चर पाडून त्यात लाकडाची किंवा सेल्युलॉइडची किनार बसवतात. किनार शोभेबरोबरच लाकडाच्या उघड्या टोकांचे ओलाव्यापासून व ठेचेपासून रक्षण करते. पेटी बंद झाल्यानंतरही काही कारागीर तबली ठोकून पाहतात आणि कडेजवळचा चर बाहेरून किंचित खरवडून नाद मोकळा करतात.

दांडी आणि पडदे

दांडी मॅपलच्या एका किंवा अनेक उभ्या थरांची असते. तिच्या आत ट्रस रॉड ही सळई बसवतात. ती पिळून तारांच्या ताणाने आलेला बाक दुरुस्त करता येतो. दांडी आणि पेटी यांचा जोड पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेचा असतो. हा जोड मागे झुकलेला असावा लागतो, कारण घोडीची उंची सुमारे २५ मिलिमीटर असते आणि तारांनी पडद्यांच्या वरून योग्य अंतर राखून तिथपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. या कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी घोडी फार उंच किंवा फार ठेंगणी होते आणि तबलीवरील दाबाचे गणित बिघडते. पडद्यांची पट्टी तबलीला न टेकता तिच्यावर अधांतरी राहते, त्यामुळे तबलीच्या कंपनांत अडथळा येत नाही.

पडद्यांची जागा गणिताने ठरते. पाश्चात्त्य समस्वरी पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग असल्याने प्रत्येक पडद्यानंतर उरलेली तारेची लांबी २ च्या बाराव्या मुळाने (सुमारे १.०५९४६) भागली जाते. तारांची लांबी ६४८ मिलिमीटर असल्यास तारगहनापासून काही पडद्यांची अंतरे पुढीलप्रमाणे येतात:

पहिला पडदा – ३६.३७ मिलिमीटर
दुसरा पडदा – ७०.७० मिलिमीटर
तिसरा पडदा – १०३.१० मिलिमीटर
पाचवा पडदा – १६२.५५ मिलिमीटर
सातवा पडदा – २१५.५१ मिलिमीटर
बारावा पडदा – ३२४.०० मिलिमीटर

बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि वरच्या सप्तकातील तोच स्वर देतो.

रंग आणि रोगण

मध्यभागी मधासारखा पिवळा आणि कडेकडे गडद तपकिरी होत जाणारा रंग ही आर्चटॉप गिटारची ओळख बनली आहे. अनेक कारागीर लाकडाचा नैसर्गिक रंगही राखतात. १९९० च्या दशकात स्कॉट चिनेरी या अमेरिकी संग्राहकाने नामवंत कारागिरांकडून निळ्या रंगाच्या, १८ इंच रुंदीच्या गिटारी बनवून घेतल्या होत्या. रंग व रुंदी समान ठेवून बाकी सर्व बाबींत कारागिरांना मोकळीक होती. या संग्रहातून एकाच वाद्यप्रकाराकडे पाहण्याच्या भिन्न दृष्टी समोर आल्या.

रोगणासाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर, तेल-रोगण किंवा लाखेपासून केलेले स्पिरिट-रोगण वापरतात. थर शक्य तितका पातळ ठेवतात, कारण जाड थर तबलीचे वजन वाढवतो व कंपने दाबतो. शेवटचा थर दिल्यानंतर रोगण पूर्ण कठीण होण्यासाठी काही आठवडे थांबून मग घासकाम व झिलई करतात.

घोडी बसवणे आणि जुळणी

घोडीचे पाय तबलीच्या वक्रावर पूर्ण टेकले पाहिजेत. तबलीवर बारीक काचकागद पालथा ठेवून त्यावर घोडी मागेपुढे घासतात, म्हणजे तळ आपोआप तबलीचा आकार घेतो. घोडी चिकटवलेली नसते. तारांचा दाबच तिला जागेवर धरून ठेवतो. दाबल्यावर तार किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. ही चूक भरून काढण्यासाठी घोडी मूळ मापापेक्षा थोडी मागे सरकवतात. जाड तारांना अधिक लांबी लागत असल्याने घोडीचा माथा पायऱ्यांसारखा कापलेला असतो.

तारा चढवल्यावर तबली पहिल्या काही आठवड्यांत किंचित बसते. या काळात घोडीची उंची, दांडीचा बाक आणि तारगहनातील खाचा पुन्हा तपासल्या जातात. विद्युत ध्वनिग्राहक हवा असल्यास तो तबली कापून न बसवता दांडीच्या टोकाला किंवा बोटे टेकण्याच्या पट्टीला अधांतरी जोडतात.

भारतीय संगीतातील वापर

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतात गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवली जाते. मींड सहज काढता येत असल्याने ही पद्धत रागसंगीतास अनुकूल ठरली. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी या वादनाला शास्त्रीय मैफलीत स्थान मिळवून दिले. १९६७ मधील 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांचे वादन आहे. विश्वमोहन भट्ट यांनी आर्चटॉप गिटारमध्ये फेरबदल करून मोहन वीणा तयार केली. तिला मुख्य तारांखेरीज चिकारी व तरफेच्या तारा असून तारांची एकूण संख्या वीस आहे. राय कूडर यांच्यासह या वाद्यावर केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तरफेच्या तारांमुळे ताण पुष्कळ वाढतो. कोरीव घुमटाची भारवाहक क्षमता अशा वाद्याला उपयोगी पडते.

देखभाल

कोरीव तबलीला आर्द्रतेतील मोठे चढउतार मानवत नाहीत. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची शिफारस केली जाते. हवा फार कोरडी झाल्यास तबली तंतूंच्या रेषेत तडकते. कोकण किनारपट्टीवरील पावसाळ्यासारख्या दमट हवेत लाकूड फुगते, तारांची उंची वाढते आणि सरसाचे जोड मऊ पडू शकतात. अशा ठिकाणी गिटार बंद पेटीत, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवणे हितावह असते. सर्व तारा एकदम काढल्यास घोडी जागेवरून हलते, म्हणून तारा एकेक करून बदलतात.

जुन्या गिटारींवरील सेल्युलॉइडच्या किनारी आणि पट्ट्या काही दशकांनी विघटित होऊ लागतात. त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वायूंमुळे तारा व धातूचे भाग गंजतात. १९३० ते १९६० या काळातील अनेक मौल्यवान गिटारींना हा प्रश्न भेडसावत असून किनार बदलून वाद्य वाचवावे की मूळ स्वरूप जपावे, हा संग्राहक व दुरुस्ती करणारे कारागीर यांच्यापुढील पेच आहे.

हे सुद्धा पहा

गिटार
मेंडोलिन
व्हायोलिन
मोहन वीणा
जॅझ संगीत
शिसम